अप्पा आणि थोरली

एसटीतून उतरल्या उतरल्या अप्पांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"कसला गं हा वास?"

"खाडीचा, अप्पा. आणि वाळत घातलेल्या मासळीचा थोडासा."

"थोडासा?" उपरण्याआडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर ती न देताच चालू लागले.

निलंग्याहून निघून, दोन ठिकाणी गाड्या बदलून, रात्रभर बसून ते आले होते. पिशवीत अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, बांधून दिलेली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाट्यांची चळत होती. कोकणातल्या माणसांनी शिजवलेलं कुठल्या भांड्यातलं असेल सांगता येत नाही, म्हणून जाईपर्यंत पुरेल एवढं अन्न ते घेऊन आले होते.

मी तेव्हा एका खाडीकाठच्या मत्स्य संशोधन केंद्रात पीएच.डी. करत होते. आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, आणि कोरे किराणा भांडाराच्या मालकाची मुलगी माशांवर संशोधन करते ही गोष्ट आमच्या गल्लीत पचण्यासारखी नव्हती. दुकानात कुणी विचारलंच, तर अप्पा म्हणत, "महानंदा सरकारी हापिसात हाय," आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत. लग्नाकार्यात भेटलेल्या पाहुण्यांना अव्वा सांगायची, पाण्यावर काहीतरी शिकते. तीन वर्षांत दोघांपैकी कुणीही माझ्याकडे आलं नव्हतं. आता अप्पा आले होते, ते मला परत न्यायला.

माझ्या खोलीवर त्यांनी अंघोळ केली, लिंगपूजा केली, धपाटे खाल्ले. तोंड पुसून झाल्यावर विषयाला हात घातला.

"जीवशास्त्राची जागा हाय. पर्मनंट. आपल्याच गावातलं कॉलेज. अध्यक्षांशी माझं बोलणं झालंय. सोमवारी मुलाखत म्हणजे नुसतं जाऊन बसायचं."

"अप्पा, माझं काम अर्धवट आहे."

"तीन वर्षं झाली. अर्धवटच हाय."

ते खरं होतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघू," ते म्हणाले. "सामान किती हाय तुझं?"

मी म्हटलं, "आधी माझं काम तर बघा. एकदा बघा, मग बोलू."

"बघतो की. बघायला काय लागतं?"

*

आमची शेड केंद्राच्या मागच्या बाजूला, खाडीला लागून होती. पत्र्याचं उंच छप्पर, मधोमध छातीएवढी खोल गोल सिमेंटची टाकी, आणि त्या टाकीत डझनभर जिताडे. जिताडा हा तिकडचा नावाजलेला मासा. भातशेतीजवळच्या तळ्यांत लोक त्याची पिल्लं सोडतात आणि वाढवतात. पण पिल्लं मिळतात ती खाडीतच, आणि वर्षागणिक कमी मिळतात. म्हणून हा मासा टाकीत वाढवायचा, टाकीतच त्याला अंडी घालायला लावायची आणि लोकांना पिल्लं द्यायची, असं आमचं काम होतं. सांगायला सोपं. मी आल्यापासून तीन पावसाळे गेले होते आणि एकाही मादीनं अंडी घातली नव्हती.

माझे मार्गदर्शक डॉ. परकार दाराशीच भेटले. रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे, सदैव गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली.

"या, या, कोरेसाहेब! महानंदाचे वडील म्हणजे आमचे पाहुणे. प्रवास कसा झाला?"

"झाला," अप्पा म्हणाले. नाकावरचं उपरणं त्यांनी जरा खाली घेतलं, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच मान उंच करून टाकीकडे पाहिलं. "हे खायला वाढवता?"

"खायला ह्यांची नातवंडं. ह्यांना आम्ही हात लावत नाही. ह्यांना आम्ही जपतो."

तेवढ्यात थोरली वर आली. ती आमची सर्वांत मोठी मादी, माझ्या हाताएवढी लांब, रुपेरी पाठीची. शेडच्या अर्धवट उजेडात तिचे डोळे पिवळेधमक चमकायचे. येत्या पावसाळ्यात अंडी मिळाली तर तिच्याकडूनच मिळणार, असं सर म्हणत. ती पाण्यावर एक चक्कर मारून खाली गेली. अप्पांनी ती खाली जाईपर्यंत पाहिलं आणि मग पुन्हा उपरणं नाकाला लावलं.

"आवाज कसला येतोय घुंईऽऽ असा?"

"हवेची मोटर," मी सांगितलं. "शेजारच्या खोलीत आहे. पाइपातून टाकीत हवा सोडते. ते बुडबुडे दिसताहेत ना, ते."

त्यांनी मान हलवली. तेव्हा मला वाटलं, त्यांना कळलं. पण गाडीतली झोप झालेली नव्हती आणि मनात सोमवार होता. माझं बोलणं त्यांनी ऐकलं असेल, पण ते त्यांच्या डोक्यात राहिलं नव्हतं.

सरांना आणि मला खाडीच्या मुखाशी पाण्याचे नमुने घ्यायला जायचं होतं. ओहोटीच्या वेळेलाच जावं लागे, थांबून चालत नसे. शेडला लागून एक छोटी बसायची खोली होती, तिथल्या बाकावर मी अप्पांना बसवलं.

"तासाभरात येते. पाणी इथे आहे. काही लागलं तर भिकाजीदादांना हाक मारा."

भिकाजीदादा आमचे शेडमधले मदतनीस. सकाळपासून टाकी धुणं, खाणं टाकणं, सगळं तेच बघत. त्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. जीप सुरू करता करता सरांनीच त्यांना सांगितलं, "दादा, तुम्ही जेवून या. आता काही नाही."

*

परत आलो तेव्हा मी जीपमधून उतरले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला एक क्षण लागला. घुंई असा तो आवाज नव्हता. तीन वर्षं तो आवाज कानात इतका मुरला होता की तो असताना ऐकूच यायचा नाही. आता नाही म्हटल्यावर शांतता कानात शिरली.

"सर, मोटर!"

आम्ही दोघं धावलो. टाकीतलं पाणी काचेसारखं स्तब्ध. सगळे जिताडे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर, आ वासलेली. उघडमीट, उघडमीट. दोन मासे तळाशी उलटे पडले होते, पोट वर करून. थोरली कडेला एका अंगावर कलली होती आणि तिचं कल्ल्याचं झाकण फार सावकाश हलत होतं.

वीज गेली असती तर जनरेटर आपोआप लागला असता. पण वीज गेलेली नव्हती. बटण कुणीतरी हातानं बंद केलं होतं.

सर मोटरच्या खोलीत शिरले आणि त्यांनी बटण दाबलं. मोटर एकदा गुरगुरली, अडखळली, आणि आतून भप्प असा आवाज आला. जळक्या तारेचा वास सुटला. बोर्डावर ठिणगी उडाली.

मोटर टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली बसवलेली होती. हवा थांबली की टाकीतलं पाणी पाइपातून उलटं मोटरमध्ये उतरायचं. म्हणून नियम होता: मोटर बंद पडली तर आधी पाइप काढायचा, पाणी निथळू द्यायचं, मगच बटण. हा नियम सरांनीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवला होता.

ते त्या धुराकडे बघत म्हणाले, "कोळंबीच्या प्रकल्पावर जास्तीची मोटर आहे. घेऊन येतो. तोपर्यंत पाणी हलतं ठेवा. थांबू देऊ नका." आणि पायातल्या चिखलासकट जीपकडे धावले.

भिकाजीदादा तेवढ्यात जेवून, हात पुसत आत येत होते. माझा सगळा जाळ त्यांच्यावर निघाला.

"कुठे होतात तुम्ही? हवा कुणी बंद केली? जाताना एकदा बघायला काय झालं होतं? चार वर्षं जपलेले मासे आहेत, दादा! चार वर्षं!"

"बाय, मी नाय गो बंद केली. मी गेलो तवा चालू व्हती. माझ्या पोरांची शपथ."

"मग काय माशांनी बंद केली? इथे दुसरं होतं कोण?"

"महानंदा."

अप्पा बसायच्या खोलीच्या दारात उभे होते. टोपी हातात. गालावर बाकाचा वळ उठलेला, म्हणजे नुकतेच झोपेतून उठले होते.

"त्याला बोलू नकोस. मी बंद केलं."

मी त्यांच्याकडे वळले.

"हात धुवायला गेलो व्हतो. त्या खोलीत माणूस न्हाई, काही न्हाई. चार ट्यूबा चालू, पंखा चालू, मोटर चालू. म्हटलं, कुणीतरी विसरून गेलं. समदी बटणं बंद केली आन् येऊन पडलो." त्यांचा आवाज खाली गेला. "आवाज थांबला तशी झोप लागली."

आमच्या दुकानात तराजूवर एक बल्ब होता. गिऱ्हाईक गेलं की अप्पा तो मालवायचे, दुसरं आलं की लावायचे. दिवसातून शंभर वेळा. सरकारी इमारतीतल्या रिकाम्या खोलीत एवढं सगळं चालू पाहून त्यांचा हात कसा थांबला असता?

पण हे मी आज म्हणते. तेव्हा मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही बाजूला व्हा. प्लीज, तुम्ही बाजूला व्हा."

ते बाजूला झाले.

*

भिकाजीदादांनी बादल्या काढल्या. एक बादली भरायची, डोक्याच्या वर उचलायची आणि उंचावरून धार टाकीत ओतायची, म्हणजे पाण्याबरोबर थोडी हवा आत जाते. पुन्हा भरायची, पुन्हा उचलायची. टाकीच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"दादा, मघाशी मी..."

"बादली उचल, बाय. मग बोलू."

वर आलेले मासे धारेखाली गोळा होऊ लागले. पण थोरली आली नाही. ती आणखी कलली. तिचं पोट दिसायला लागलं, पांढरं.

"हिला चालवायला लागेल," दादा म्हणाले. "न्हायतर गेली."

मासा श्वास घेतो तो पाणी तोंडातून आत घेऊन, कल्ल्यांवरून बाहेर सोडून. त्याच्यात स्वतः पोहण्याची ताकद उरली नाही, तर कुणीतरी त्याला धरून पुढे पुढे न्यावं लागतं, म्हणजे पाणी आपोआप तोंडात शिरतं. पण त्यासाठी टाकीत उतरायला माणूस हवा, आणि आम्ही दोघांपैकी एकानं बादली ठेवली तर बाकीचे मासे जातील. दादांनी कॅंटीनच्या दिशेनं हाक मारली. शनिवार होता. कुणी ओ दिली नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कसं धरायचं?"

अप्पांनी सदरा काढून बाकावर ठेवला होता. गळ्यातलं इष्टलिंग दोऱ्यासकट मागे पाठीवर टाकलं होतं आणि धोतर वर खोचत होते.

"अप्पा, तुम्ही नको..."

"कसं धरायचं ते सांग."

मी सांगितलं. एक हात जबड्याखाली, एक हात शेपटीच्या मुळाशी. तोंड उघडं राहिलं पाहिजे. कल्ल्याच्या कडेला हात लावायचा नाही, ती कड सुरीसारखी असते. आणि मागे यायचं नाही, फक्त पुढे.

ते शिडीवरून टाकीत उतरले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. त्यांनी एकदा डोळे मिटले, तोंडानं काहीतरी पुटपुटले, आणि मग दोन्ही हात पाण्याखाली घालून थोरलीला उचललं. ज्या माणसानं आयुष्यात मासा हातात धरला नव्हता, त्यानं ती हातभर लांबीची, बुळबुळीत मादी अशी धरली, जशी आमच्या घरी पहिल्या अंघोळीला तान्हं मूल धरतात.

"आता?"

"आता चाला. कडेकडेनं. गोल."

अप्पा चालायला लागले.

पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत काही झालं नाही. मी बादल्या ओतत होते, खांदे भरून आले होते, आणि मधूनमधून अप्पांचा आवाज कानावर येत होता. ते तिच्याशी बोलत होते.

"चल माय. चल. थोडं चल. असं. आता वळायचंय, वळ. दमलीस व्हय? दमू नको. माझी चूक हाय, तुझी न्हाई. चल."

एकदा मी पाहिलं तर त्यांच्या उजव्या हाताभोवती पाणी लालसर झालं होतं. कल्ल्याची कड लागली होती. मी ओरडले, "अप्पा, हात!" त्यांनी नुसती मान हलवली. थांबले नाहीत.

किती फेऱ्या झाल्या ते कुणी मोजलं नाही. एका वळणावर अप्पा अचानक उभे राहिले.

"हिनं काहीतरी केलं."

"काय?"

"हातात... हिसका दिला."

"मग चला, थांबू नका!"

ते पुन्हा चालू लागले, आता जरा भराभर. थोरलीचं कल्ल्याचं झाकण हलताना आता वरूनही दिसत होतं. मग तिची शेपटी एकदा जोरात हलली, अप्पांच्या तोंडावर पाणी उडालं, आणि ती त्यांच्या हातातून सुटून स्वतःच्या अंगानं पुढे गेली. थोडी वाकडी, थोडी अडखळत, पण स्वतः.

अप्पा रिकामे हात पाण्यावर तसेच धरून उभे होते. तोंडावरचं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"गेली," ते म्हणाले. "स्वतः गेली बघ."

भिकाजीदादा बादली खाली ठेवून हसले. "अप्पा, आता भायेर येवा. नायतर ती तुमाला चालवील."

पण अप्पा बाहेर आले नाहीत. आणखी एक मासा कलायला लागला होता. त्यांनी मला विचारलंही नाही, सरळ तिकडे गेले.

*

परकार सर मोटर घेऊन आले तेव्हा त्यांनी पाहिलं ते असं: आमच्या मार्चमधल्या कोरड्या शेडमध्ये सगळीकडे पाणी, मी आणि दादा नखशिखांत भिजलेले, आणि टाकीत छातीएवढ्या पाण्यात एक उघडाबंब म्हातारा गृहस्थ मासा धरून फेऱ्या मारतोय.

सरांनी आधी पाइप काढला, पाणी निथळू दिलं, नवी मोटर जोडली, आणि सगळं दोनदा तपासून बटण दाबलं. घुंई असा आवाज सुरू झाला. टाकीच्या तळातून बुडबुडे वर आले. त्या आवाजासाठी मी आयुष्यात कधी देवाचे इतके आभार मानले नव्हते.

आम्ही अप्पांना हात धरून बाहेर काढलं. धोतरातून पाणी गळत होतं. तशाच अवस्थेत ते सरांसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"साहेब, हवा मी बंद केली. पोरीचा ह्यात काही दोष न्हाई, दादांचा बी न्हाई. जे काही लिहायचं असंल ते माझ्या नावावर लिहा. पोरीच्या कागदावर डाग नको."

सरांनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. मग उजवा तळवा उलटा करून पाहिला. चीर खोल होती.

"कोरेसाहेब, हवा तुम्ही बंद केलीत, खरं आहे. पण तुम्हाला माहीत नव्हतं. मोटर मी जाळली, आणि मला माहीत होतं. वर त्या बोर्डावर 'बंद करू नका' अशी पाटी लावायचं मी दोन वर्षं उद्यावर ढकलतोय. आता लिहायला बसलो, तर आधी माझं नाव लिहावं लागेल." त्यांनी भिकाजीदादांकडे पाहिलं. "दादा, घरून हळद आणा. आणि चहा सांगा."

"चहा चालंल ना तुमाला आमच्याकडचा?" दादांनी अप्पांना विचारलं.

अप्पांनी टाकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. मासळीच्या वासानं ते डोक्यापासून पायापर्यंत भरले होते.

"आता काय राहिलंय न चालायला?" ते म्हणाले. "दोन कप सांगा."

चहा पिताना मी दादांची माफी मागितली. ते म्हणाले, "तू रागावलीस ते मासळीसाठी. माझ्यासाठी न्हवं. मग मला कशाला लागंल?" तरी दोन दिवस ते माझ्याशी जरा जपूनच बोलत होते. ते बरोबरच होतं.

दोन मासे गेले होते. तळाशी उलटे पडलेले ते दोन. बाकी सगळे जगले. अप्पांनी त्या दोघांचं काय करणार, असं विचारलं आणि लगेच हात वर केला. "नको. सांगू नका मला."

दिवस मावळेपर्यंत ते टाकीपाशी खुर्ची घेऊन बसले होते. मी खोलीवर चला म्हटलं तर म्हणाले, "बसतो जरा." उपरणं खांद्यावर होतं. थोरली वर आली की ते पुढे वाकायचे.

"ही अंडी कधी घालणार?" त्यांनी मध्येच विचारलं.

"घातली तर जूननंतर. पावसाळ्यात."

"आन् तवर?"

"तोपर्यंत सांभाळायचं. पाणी, खाणं, खारेपणा, सगळं रोज बघायचं."

"कोण बघतं?"

"मी आणि दादा."

"हं," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा पाण्याकडे पाहत बसले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. माझं सामान बांधलेलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं होतं. हाताला पट्टी होती. स्टँडवर मासळी घेऊन निघालेल्या बायका टोपल्यांवर ओली फडकी टाकून बसल्या होत्या. अप्पा त्यांच्याच शेजारी बाकावर टेकले.

गाडी लागायला वेळ होता. शेवटी मीच विचारलं.

"अप्पा, उद्याच्या मुलाखतीचं काय?"

"त्याचं काय?"

"अध्यक्षांना काय सांगणार?"

अप्पांनी टोपी नीट केली. समोर खाडीवर एक होडी चालली होती, तिच्याकडे पाहिलं.

"सांगंन, पोरीच्या घरी बाळंतपण हाय. तिला सुटी न्हाई."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मी तोंड फिरवलं. त्यांनीही पाहिलं नाही असं दाखवलं. गाडी आली, ते चढले, खिडकीशी बसले. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "दादांना सांग, माझं चुकलं. मी सांगितलं व्हतं, पर पुन्हा सांग."

*

थोरलीनं जुलैत अंडी घातली. आमच्या केंद्रातली पहिली. दुसऱ्या दिवशी त्यांतून पिल्लं निघाली, इतकी बारीक की भिंगाखाली पापण्यांचे केस पडल्यासारखी दिसत. परकार सर भिंगाला डोळा लावून उभे होते ते बाजूला व्हायलाच तयार नव्हते. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावले आणि दुकानात फोन लावला. दुपारची वेळ, दुकानात गर्दी असावी. मागे माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"अप्पा, झालं! थोरलीला पिल्लं झाली!"

"किती?"

"मोजता येणार नाहीत इतकी. लाखभर असतील."

"लाखभर!" मग त्यांनी दुकानदारासारखंच विचारलं, "पोरं किती, पोरी किती?"

"सगळी पोरंच, अप्पा. जिताडा जन्मतो तो नर म्हणूनच. चार-पाच वर्षांनी मोठा झाला की त्यांतल्या काहींची मादी होते."



"म्हणजे थोरली बी आधी...?"

"हो. ती पण आधी मुलगाच होती."

अप्पा हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना फार कमी वेळा ऐकलं आहे. दुकानात कुणीतरी विचारलं, "काय झालं, अप्पा?" त्यांनी फोन कानापासून दूर धरला असावा, पण त्यांचा आवाज मला लख्ख ऐकू आला.

"आमच्या महानंदाकडं लाखभर पोरं झाली. मासे. जिताडे म्हणतात त्यांना. ती आन् तिचे साहेब तेच करतात तिकडं." मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सध्या पोरंच हाईत समदी. शहाणपण आलं की पोरी होतील."